प्रभागरचना : नकाशातील गावकूस

समीक्षेसाठी कवितासंग्रह, कादंबरी किंवा आत्मकथन घ्यावे ही आपली रीत आहे. मी या लेखासाठी एक सरकारी कागद घेतला आहे. महानगरपालिकेच्या निवडणुकीपूर्वी प्रभागांची प्रारूप रचना प्रसिद्ध होते. सोबत नकाशा असतो, आणि उत्तरेची, पूर्वेची, दक्षिणेची, पश्चिमेची हद्द सांगणारा मजकूर असतो. अमुक चौकापासून अमुक रस्त्याने नाल्यापर्यंत, तेथून नाल्याने रेल्वेलाइनपर्यंत, असा तो मजकूर चालतो. सोबत आकडे असतात : एकूण लोकसंख्या आणि अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या. हा मजकूर कोणी वाचत नाही. वाचतात ते नगरसेवक होऊ इच्छिणारे, आणि तेही आपापल्या प्रभागापुरते. परंतु आपल्या वस्त्यांचे पुढच्या काही वर्षांचे राजकीय भवितव्य ज्या मजकुरात ठरते तो साहित्य नाही म्हणून बाजूला ठेवावा, हे मला पटत नाही. ज्याला ‘रचना’ म्हणतात तिला रचनाकार असतो. रचनाकाराला दृष्टी असते. आणि दृष्टी असली की समीक्षेला जागा असतेच.

आपल्या साहित्याने पहिले मोठे काम केले ते वस्त्यांना नावे देण्याचे. नामदेव ढसाळांच्या १९७२ सालच्या पहिल्या कवितासंग्रहाचे नाव ‘गोलपिठा’ हे एका मोहल्ल्याचेच नाव आहे. ज्या जागेचे नाव घेताना पांढरपेशा वाचक नाक मुरडत होता ती जागा पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आली. प्रभागरचनेचा कागद नेमके उलटे काम करतो. तो वस्तीचे नाव काढून घेतो आणि तिला क्रमांक देतो. एका वस्तीचे दोन क्रमांक झाले, तर कागदावर ती वस्ती उरत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझे बालपण ज्या वस्तीत गेले ती एका नाल्याच्या दोन्ही काठांवर आहे. वडील सफाई कामगार होते. घरात पदवी घेतलेला मी पहिला. आमचे बुद्धविहार नाल्याच्या अलीकडे, व्यायामशाळा पलीकडे. लग्न अलीकडे लागते, पंगत पलीकडे बसते. मागच्या प्रभागरचनेच्या वेळी प्रारूप आले तेव्हा नाला ही हद्द झाली होती. वस्ती दोन प्रभागांत गेली, आणि दोन्हीकडे ती मोठमोठ्या सोसायट्यांच्या शेपटाला बांधली गेली. आम्ही पंधरावीस जण हरकत घेऊन सुनावणीला गेलो. अर्ज मी लिहिला होता, भाषा कायद्याची होती. समोरच्या अधिकाऱ्याने शांतपणे सांगितले, “नाला ही नैसर्गिक हद्द आहे.” माझ्याजवळ उत्तर नव्हते. आमच्यातली एक म्हातारी आक्का तेवढी बोलली : “सायेब, नाल्यावरचा पूल आमी वर्गणी काढून बांधलाय. तुमी त्याच्यावर भित घालताय.” तिचे बोलणे टिपणात आले नाही, कारण ते विहित नमुन्यात नव्हते.

घरी आल्यावर माझ्या ध्यानात आले की त्या अधिकाऱ्याचे वाक्यच मुळात तपासायला हवे. नाला नैसर्गिक असेल. पण त्याच्या काठी आम्हीच का राहतो, हे नैसर्गिक आहे काय? गावात आम्ही कुसाबाहेर होतो. शहरात आलो तेव्हा नाल्याचा काठ, रेल्वेचा रूळ, कचराडेपो आणि स्मशान यांच्या लगतची जमीन आमच्या वाट्याला आली, कारण दुसरे कोणी तेथे राहायला तयार नव्हते. म्हणजे जातिव्यवस्थेने आम्हांला हद्दीवर नेऊन बसवले, आणि आता नकाशा काढणारा म्हणतो की हद्द नैसर्गिक आहे, वस्ती मधे आली. रस्ता, नाला, रेल्वे यांवरून सीमा आखाव्यात हा नियम वरवर तटस्थ आहे. पण ज्या समाजाची घरेच सीमारेषेवर आहेत त्याच्यावर हा नियम सुरीसारखा चालतो. नियम जातीचे नाव घेत नाही. त्याला घ्यावे लागत नाही.

येथे कोणी म्हणेल की अनुसूचित जातीजमातींच्या वस्त्या शक्यतो फुटू नयेत असे सूचनांत म्हटलेले असते. खरे आहे. पण त्या ‘शक्यतो’ या शब्दाकडे पाहा. लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे, हा आकडा आहे. क्रमांक उत्तरेकडून सुरू होऊन दक्षिणेला संपले पाहिजेत, हा दंडक आहे. वस्तीच्या वेळी मात्र ‘शक्यतो’. गणिताला सक्ती आणि न्यायाला सवड, असा हा मजकूर आहे.

वस्ती फोडण्याने काय होते? समजा, दहा दहा हजार मतदारांचे चार प्रभाग आहेत आणि वस्तीत सहा हजार मतदार आहेत. वस्ती एका प्रभागात राहिली तर तेथे ती साठ टक्के आहे. तिला डावलून कोणी निवडून येऊ शकत नाही. तीच वस्ती चौघांत वाटली तर प्रत्येक ठिकाणी ती पंधरा टक्के होते. तिला विचारल्यावाचून चारही जण निवडून येतात. माणूस एकही कमी झाला नाही, मत एकही कमी झाले नाही, फक्त रेघ हलली. याच्या उलटही डाव असतो. तीन वस्त्या एकाच प्रभागात कोंबायच्या, म्हणजे एक जागा त्यांना आणि भोवतालचे सगळे प्रभाग त्यांच्या काळजीतून मोकळे. फोडणे आणि कोंबणे ही दोन्ही हत्यारे एकाच हातात असतात.

हे हत्यार आपल्याच देशात घडले असे नाही. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात टस्कीगी नावाचे शहर आहे. तेथे काळ्यांची शिक्षणसंस्था, शिकलेले काळे लोक, आणि वाढत चाललेली काळी मतदारसंख्या. १९५७ साली राज्याच्या विधिमंडळाने शहराची हद्दच बदलली. चौकोनी शहर अठ्ठावीस बाजूंचे झाले. सुमारे चारशे काळ्या मतदारांपैकी चारपाच सोडून सगळे शहराबाहेर गेले आणि गोरा मतदार एकही गेला नाही. या नकाशाविरुद्ध न्यायालयात गेला तो चार्ल्स गोमिलियन हा समाजशास्त्राचा प्राध्यापक होता. १९६० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. पँथर हे नाव १९७२ साली आपण त्या लोकांकडून घेतले. त्यांच्याकडून नकाशा वाचण्याची सवयही घ्यायला हवी होती. ती आपण घेतली नाही.

आपल्याकडे न्यायालयाची वाट अधिक अरुंद आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिकांना संविधानात स्थान दिले, अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा दिल्या, ही मोठी गोष्ट झाली. पण त्याच दुरुस्तीतील २४३ झेडजी हा अनुच्छेद म्हणतो की प्रभागांची आखणी आणि जागांचे वाटप यांसंबंधीच्या कायद्याची वैधता न्यायालयात विचारता येणार नाही. म्हणून हरकती आणि सूचनांचे ते थोडे दिवस हाच सामान्य माणसाचा खरा दरवाजा. आणि त्या दिवसांत आपण काय करीत असतो? जयंतीची वर्गणी, नाहीतर गटागटांची भांडणे.

आता जनगणनेकडे येऊ. प्रभागरचनेचे समर्थन नेहमी जनगणनेच्या नावाने केले जाते. लोकसंख्या वाढली, सरकली, म्हणून रेघा बदलाव्या लागतात. हे तत्त्व योग्यच आहे. पण महाराष्ट्रात काय झाले ते पाहा. २०१७ साली मुंबईखेरीज इतर महापालिकांत साधारणपणे चार सदस्यांचा प्रभाग होता. सरकार बदलले तेव्हा एक सदस्याचा ठरला, मग २०२१ मध्ये तीनचा, आणि २०२२ मध्ये सरकार पुन्हा बदलल्यावर पुन्हा चारचा. मुंबईत प्रभाग २२७ होते. २०२१ मध्ये २३६ करायचे ठरले. २०२२ मध्ये ते परत २२७ झाले. मार्च २०२२ मध्ये कायदा बदलून प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून राज्य सरकारकडे घेण्यात आला. या साऱ्या काळात जनगणना किती झाल्या? एकही नाही. २०२१ची जनगणना झालीच नाही. आकडे तेच, २०११चे. ज्या आकड्यांवर २२७ योग्य होते त्याच आकड्यांवर २३६ योग्य झाले आणि पुन्हा २२७ योग्य झाले. यात कुठला एक पक्ष दोषी आणि दुसरा निर्दोष असे नाही. जनगणना हे निमित्त आहे, रेघ सत्तेची आहे, एवढेच यातून दिसते.

शेवटी १५ जानेवारी २०२६ रोजी २९ महापालिकांसाठी मतदान झाले. मुंबईत त्यापूर्वीचे मतदान फेब्रुवारी २०१७ मधले होते. मार्च २०२२ पासून तेथे प्रशासक बसला होता. २०११ साली मोजलेल्या माणसांवर २०२६ची निवडणूक झाली. मधल्या पंधरा वर्षांत सर्वांत जास्त कोण हलले? ज्यांची घरे पाडली गेली ते. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतील कुटुंबांना २०१७ नंतर माहुलला नेऊन टाकले. मोजणीत ती जुन्या जागी आणि राहायला नव्या जागी. फ्लॅटमधल्या माणसाचा आकडा आणि पत्ता सहसा एकत्र राहतात. झोपडीतल्या माणसाचा आकडा मागे राहतो आणि माणूस पुढे फेकला जातो.

मुंबईत एकेक सदस्याचा प्रभाग आहे. तेथे २०११च्या लोकसंख्येला २२७ने भागले तर प्रभागाची सरासरी सुमारे ५५ हजार येते. बाकीच्या २८ ठिकाणी बहुसदस्य प्रभाग आहेत. पुण्यात ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडले गेले. तेथे एका प्रभागाची सरासरी लोकसंख्या ८० हजारांच्या वर जाते. अशा प्रभागात पायी प्रचार करणारा, स्वतःच्या ओळखीवर उभा राहणारा वस्तीतला कार्यकर्ता संपतो. तेथे पॅनेल लागते, पैसा लागतो, पक्ष लागतो.

याच ठिकाणी एक युक्तिवाद नेहमी केला जातो, आणि तो आपल्यातले शिकलेले लोकही करतात : बहुसदस्य मतदारसंघ तर बाबासाहेबांनाच हवा होता! हे अर्धे सत्य आहे, आणि म्हणूनच ते अधिक तपासले पाहिजे.

१९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष दिली तेव्हापासून बाबासाहेब एक गोष्ट सांगत होते. जेथे समाज जातींत तुटलेला आहे तेथे केवळ भूभागावर आखलेला मतदारसंघ हा बहुसंख्य जातीचाच मतदारसंघ होतो. १९३२च्या पुणे करारात राखीव जागा वाढल्या, पण निवडून देणारा मतदारसंघ संयुक्त झाला. त्यानंतर १९३७च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात बहुसदस्य मतदारसंघांसाठी संचयी मतदानाची पद्धत होती. मतदाराला जेवढ्या जागा तेवढी मते, आणि ती सगळी मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा. बाबासाहेब त्या वेळी भायखळा-परळ मतदारसंघातून निवडून आले आणि स्वतंत्र मजूर पक्षाने मोठे यश मिळवले. १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबई हा मतदारसंघ द्विसदस्यच होता; पण आता दोन्ही मते एकाला देण्याची मुभा राहिली नव्हती. तेथे संविधानाच्या शिल्पकाराचा पराभव काजरोळकरांनी केला. पराभवाची इतरही कारणे आहेत, हे मी नाकारत नाही. पण १९५५ साली भाषिक राज्यांविषयीच्या पुस्तकात अल्पसंख्यांच्या रक्षणाचा उपाय सांगताना बाबासाहेब पुन्हा तेथेच येतात : दोन किंवा तीन सदस्यांचा मतदारसंघ, आणि संचयी मतदान. दोन्ही एकत्र.

आपल्या महापालिकांनी यातला पहिला शब्द घेतला आणि दुसरा टाकला. आज प्रभागात अ, ब, क, ड अशा जागा असतात. प्रत्येक जागेची निवडणूक वेगळी, प्रत्येक जागेला एक मत. चारही मते एकाला देता येत नाहीत. शंभर मतदारांचा हिशोब करा. एक्कावन्न जण एका बाजूला आणि एकोणपन्नास दुसऱ्या बाजूला असतील तर अ जागा एक्कावन्नांची, ब एक्कावन्नांची, क आणि डही त्यांचीच. एकोणपन्नासांना शून्य. संचयी पद्धतीत शंभरांत एकवीस जण एकजुटीने उभे राहिले तर त्यांची चौऱ्याऐंशी मते एका उमेदवाराला पडतात. उरलेल्या एकोणऐंशी जणांजवळ तीनशे सोळा मते. ती चार उमेदवारांत समान वाटली तर प्रत्येकी एकोणऐंशी. एकवीसांचा माणूस निवडून येतो, आणि तो त्यांचाच माणूस असतो. अलाबामातच, चिल्टन काउंटीत, मतदानाच्या हक्काच्या दाव्यानंतर १९८८ साली ही पद्धत लागू झाली आणि तेथील मंडळावर काळा सदस्य निवडून गेला. म्हणजे हे स्वप्नरंजन नव्हे. बाबासाहेबांची छत्री घेऊन तिचे कापड काढून टाकायचे आणि दांडा आपल्याच पाठीत घालायचा, असा आजचा बहुसदस्य प्रभाग आहे.

राखीव जागेचे तरी काय? प्रभागांतील अनुसूचित जातींच्या टक्केवारीचा उतरता क्रम लावतात आणि वरच्या प्रभागांना आरक्षण देतात. पुढे ते फिरते. वस्ती फोडली की तिची टक्केवारी उतरते आणि ती क्रमात खाली जाते. शिवाय आरक्षण फिरणार असल्याने निवडून आलेल्याला पुन्हा त्याच लोकांपुढे यायचे नसते. त्याचा मालक पक्ष होतो, वस्ती नव्हे. तो आपल्या जातीचा असतो, आपला नसतो. आणि आपल्यातही मोठ्या संख्येची जात तिकीट घेते. मातंग, मेहतर, चर्मकार वस्त्यांनी फक्त मत द्यायचे, हा आपल्या आतला गावकूस आहे. त्याविषयी आपण किती लिहिले?

आता सर्वांत अवघड गोष्ट. २०११च्या जनगणनेचा प्रगणक आमच्या घरी आला तेव्हा मी बी.ए.ला होतो. त्याने धर्म विचारला. वडिलांनी ताठ होऊन सांगितले, “बौद्ध.” त्याने जात विचारली. वडील म्हणाले, “जात आमच्या बापानं छप्पन सालीच टाकली. पुन्यांदा कागदावर चढवाया नाय टाकली.” प्रगणकाने तो रकाना तसाच सोडला. मला त्या दिवशी वडिलांचा अभिमान वाटला. आजही वाटतो. पण त्याच रकान्यातून अनुसूचित जातींचा आकडा निघतो, आणि त्या आकड्यावरून प्रभाग राखीव होतो, हे वडिलांना कोणी सांगितले नव्हते. मलाही माहीत नव्हते. २०११ मध्ये महाराष्ट्रात बौद्ध सुमारे ६५ लाख होते. त्यांतले अनुसूचित जातींत मोजले गेले सुमारे ५२ लाख. म्हणजे तेरा लाखांच्या आसपास माणसे बौद्ध म्हणून मोजली गेली आणि अनुसूचित जातींच्या आकड्यातून गळली. त्यांतल्या किती जणांनी माझ्या वडिलांसारखे उत्तर दिले होते, किती ठिकाणी प्रगणकाने आपल्या मनाने लिहिले, याची मोजदाद नाही. पण १९९० साली बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलतींसाठी मान्यता मिळाली, ती मिळवण्यासाठी लढा द्यावा लागला, हे लक्षात घेतले तर हा गळणारा आकडा लहान नाही.

बाबुराव बागुलांच्या १९६३ सालच्या कथासंग्रहाचे नाव ‘जेव्हा मी जात चोरली होती’ असे आहे. तेथे जात चोरावी लागते ती भीतीने. माझ्या वडिलांनी जात चोरली नव्हती, नाकारली होती. पण जनगणनेच्या तक्त्याला चोरणे आणि नाकारणे यांतला फरक कळत नाही. दोहोंचा परिणाम एकच : आकडा कमी. धम्माने जात नाकारली आणि राज्य जातीनेच हिशोब करते, या दोन सत्यांच्या मधे आपण उभे आहोत. यातून सुटका भावनेने होणार नाही. मी स्वतः या निष्कर्षाला आलो आहे की धर्माच्या रकान्यात निःसंकोच ‘बौद्ध’ लिहावे आणि जातीच्या रकान्यात अनुसूचित जातींच्या यादीतील आपल्या जातीचे नाव लिहावे. पहिले उत्तर आपण कोण आहोत ते सांगते. दुसरे उत्तर आपल्यावर काय लादले गेले त्याची नोंद करते. लादलेल्याची नोंद करणे म्हणजे ते स्वीकारणे नव्हे. फिर्यादीत जखमेचे वर्णन लिहितात, म्हणून कोणी जखम स्वीकारत नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी उत्तर द्यावे. हा वाद आपल्यातच, मोकळेपणाने व्हायला हवा.

तो आता व्हायला हवा, कारण नवी जनगणना ठरली आहे. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, आणि स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच सर्व जातींची नोंद तिच्यात होणार आहे. त्या आकड्यांवर पुढे प्रत्येक शहराचे नकाशे नव्याने निघतील. ज्या वस्तीने आपली मोजणी नीट करून घेतली नाही तिला नकाशाविरुद्ध ओरडण्याचा आधार उरणार नाही.

म्हणून या नियतकालिकाच्या वाचकांना, विशेषतः महाविद्यालयांतल्या तरुणांना आणि शिक्षकांना, माझे सांगणे साधे आहे. वस्तीवर उत्तम कविता आपण लिहिली, उत्तम आत्मकथने लिहिली. आता वस्तीचा नकाशाही आपणच काढला पाहिजे : घरे किती, माणसे किती, विहार कुठे, पाणी कुठे, लोकांचे येणेजाणे कोणाशी. प्रारूप प्रसिद्ध होईल त्या दिवशी तो नकाशा हातात असला पाहिजे, आणि हरकत विहित नमुन्यात असली पाहिजे. त्याचबरोबर संचयी मतदानाची मागणी आपल्या ठरावांत आली पाहिजे. बाबासाहेबांच्या जयंतीला ती मांडली गेली तर जयंतीचेही चीज होईल.

आमची हरकत त्या वेळी फेटाळली गेली. वस्ती आज दोन प्रभागांत आहे. आक्का त्यानंतरच्या पावसाळ्यात वारली. तिला न्यायचे होते तेव्हा आम्ही तिला एका प्रभागातून उचलले, तिच्याच वर्गणीच्या पुलावरून दुसऱ्या प्रभागात नेले, आणि विहारासमोर ठेवले. हद्द कोणालाच दिसली नाही. ती कागदावर आहे, आणि तिच्याशी लढायचे तर कागदावरच लढावे लागेल.